जागा देशाची, मुलीची नाही: अमेरिकेच्या फिगर स्केटिंग टीममध्ये मुली कशा निवडल्या जातात

ऑलिम्पिकच्या वर्षी जानेवारीत अमेरिकेची नॅशनल्स, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, झाली की तोच प्रश्न पुन्हा येतो. जागा तीन, पहिल्या तीन मुली ठरल्या, मग आता फेडरेशनची निवड कमिटी बसून चर्चा कसली करतेय? आणि एखाद्या वर्षी यादीत चौथी आलेली मुलगी दिसते आणि तिसरी आलेली नसते, तेव्हा तर लोक भयंकर चिडतात. मी हा खेळ बरीच वर्षं बघतेय आणि मला वाटतं गोंधळ एकाच ठिकाणी होतो, आपण धरून चालतो की लढाई एकच आहे. खरं तर दोन आहेत. आधी देशाला जागा मिळवाव्या लागतात, ते काम आदल्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये होतं, आणि मग त्या जागांसाठी मुली आपापसात लढतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिने घाम गाळून जागा आणली तिची ती होत नाही, ती देशाची होते.

आधी हिशोब बघू, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं.

वर्ल्ड्समध्ये कुठल्याही देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त तीन स्केटर पाठवता येतात. पुढच्या वर्षी किती पाठवता येतील हे या वर्षीच्या नंबरांवरून ठरतं. तीन मुली गेल्या असतील तर सगळ्यात चांगल्या दोघींचे नंबर घ्यायचे आणि बेरीज करायची, दोनच गेल्या असतील तर त्या दोघींची. बेरीज १३ किंवा कमी आली तर पुढच्या वर्षी तीन जागा, १४ ते २८ मध्ये आली तर दोन, त्याच्यावर गेली तर एक. एकच मुलगी गेली असेल तर तिने पहिल्या दोनात यायचं, मग तीन जागा मिळतात, तिसरी ते दहावी आली तर दोन. अजून एक बारीक गोष्ट, स्पर्धेत दोन फेऱ्या असतात, आधी शॉर्ट प्रोग्रॅम आणि मग फ्री स्केट, त्या फ्री स्केटपर्यंत पोचलेली मुलगी कितीही खाली घसरली तरी तिचे १६ च धरतात, आणि शॉर्ट प्रोग्रॅममध्येच बाद झाली (पहिल्या २४ मध्ये नाही आली) तर १८.

१३ हा आकडा ऐकायला सोपा वाटतो पण बघा, एक मुलगी पाचवी आली तर दुसरीला आठवं यावंच लागतं. नववी आली तर १४, गेली एक जागा. म्हणजे कुणीतरी शेवटच्या जंपला हात टेकवला म्हणून पुढच्या वर्षी तिसऱ्याच कुणाचं तरी स्वप्न जातं, आणि ती तिसरी त्या दिवशी रिंकवर नसतेसुद्धा.

हे सगळं एका बाईच्या करिअरमध्ये दिसतं, अ‍ॅशली वॅग्नर. २००८ ची वर्ल्ड्स स्वीडनमध्ये गोथेनबर्गला झाली, अमेरिकेकडून तिघी गेल्या, किमी माइसनर सातवी, बीबी लिआंग दहावी आणि वॅग्नर सोळावी. ७ आणि १० म्हणजे १७, तिसरी जागा गेली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला रेचल फ्लॅट पाचवी आणि अलिसा सिझ्नी अकरावी, बेरीज १६, म्हणजे व्हँकुव्हर ऑलिम्पिकला दोनच जागा. आणि २०१० च्या नॅशनल्सला वॅग्नर कितवी आली? तिसरी. पहिली फ्लॅट, दुसरी मिराई नागासू, त्या दोघी गेल्या, वॅग्नर घरी.

मग २०१३. ऑलिम्पिकच्या आधीची वर्ल्ड्स, कॅनडातल्या लंडन शहरात. अमेरिकेच्या दोनच मुली, वॅग्नर आणि ग्रेसी गोल्ड. वॅग्नर पाचवी, गोल्ड सहावी. ११. तीन जागा परत आल्या, इतक्या वर्षांनी.

आणि मग जानेवारी २०१४, बोस्टनची नॅशनल्स. गोल्ड पहिली, पंधरा वर्षांची पोलिना एडमंड्स दुसरी, नागासू तिसरी, आणि वॅग्नर फ्री स्केटमध्ये दोनदा पडून चौथी. अमेरिकेत चौथीलाही मेडल असतं, प्यूटर धातूचं, ती पोडियमवर तिघींच्या सोबतच उभी राहते. यादी आली तेव्हा त्यात गोल्ड, एडमंड्स आणि वॅग्नर होत्या. नागासू ऑल्टरनेट, म्हणजे कुणी जखमी झालं तरच तिचा नंबर.

तेव्हा खूप आरडाओरडा झाला आणि तो मला आजही समजू शकतो. पण कमिटीने बघितलं काय तेही समजून घ्यायला हवं. अमेरिकेत नॅशनल्स ही एक परीक्षा आहे, पण एकटीच परीक्षा नाही. कमिटी गेल्या वर्षभराचा आणि त्याच्याही आधीचा रेकॉर्ड बघते, आदल्या वर्षीची वर्ल्ड्स, ग्रँड प्रीच्या स्पर्धा आणि त्याची फायनल, फोर कॉन्टिनेंट्स, वगैरे. त्या हिशोबाने वॅग्नर आदल्या दोन्ही वर्षांची नॅशनल चॅम्पियन होती, वर्ल्ड्सला पाचवी आली होती, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ग्रँड प्री फायनलला ब्राँझ घेऊन आली होती. नागासूचा तो सीझन त्या मानाने फिका होता. म्हणजे कागदावर निर्णय बरोबर बसतो. माझंही मत तसंच आहे, पण जिने त्या नॅशनल्सला, अख्ख्या देशासमोर, दोन्ही प्रोग्रॅम सावरून तिसरा नंबर घेतला तिला सकाळी कागद वाचून दाखवणं सोपं नाही, आणि 'कागदावर बरोबर' हे वाक्य तिच्यासाठी कुठे ठेवायचं हे मला आजवर सुचलेलं नाही.

नागासूने मात्र काय केलं तर कोच बदलला, कोलोराडोला गेली आणि विशी उलटल्यावर, हवेत साडेतीन फेऱ्या मारायचा जंप, ट्रिपल अ‍ॅक्सल शिकायला घेतला. जाणकार सांगतात की मुलींनी हा जंप लहानपणीच शिकावा, नंतर अंग बदलतं आणि तो येणं अवघड होत जातं. जानेवारी २०१८ ला सॅन होजेच्या नॅशनल्समध्ये ती दुसरी आली, ब्रेडी टेनेल पहिली, कॅरन चेन तिसरी. आणि चौथी परत अ‍ॅशली वॅग्नर. या वेळी तिला घेतलं नाही.

आणि इथे तो पहिला मुद्दा परत येतो. २०१८ च्या तीन जागा कुणी आणल्या होत्या? २०१७ ला हेलसिंकीत चेन चौथी आणि वॅग्नर सातवी, बेरीज ११. म्हणजे वॅग्नरने दोनदा अमेरिकेला ऑलिम्पिकच्या तीन जागा मिळवून दिल्यात, एकदा त्यातली एक तिला मिळाली आणि एकदा नाही. २०१६ ला तर तिने बोस्टनच्या वर्ल्ड्सला सिल्व्हर आणलं होतं, मुलींच्या एकेरीत अमेरिकेला वर्ल्ड्सचं मेडल दहा वर्षांनी मिळालं होतं ते. पण २०१७-१८ चा सीझन बरा गेला नव्हता, घोट्याच्या इन्फेक्शनमुळे एका ग्रँड प्रीमधून मध्येच माघार घ्यावी लागली होती, आणि वर्षभराच्या रेकॉर्डचं जे माप २०१४ ला तिच्या बाजूने होतं ते या वेळी चेनच्या बाजूने गेलं. वॅग्नरने नॅशनल्समधल्या आपल्या कॉम्पोनंट मार्कांबद्दल (जंप सोडून रचना, सादरीकरण वगैरेचे मार्क) उघड नाराजी बोलून दाखवली. नागासू कोरियातल्या ऑलिम्पिकला गेली आणि टीम इव्हेंटमध्ये तिने तो ट्रिपल अ‍ॅक्सल टाकला, ऑलिम्पिकमध्ये हा जंप उतरवणारी पहिली अमेरिकन बाई. त्या आधी हे मिडोरी इटो आणि माओ असादा, दोघी जपानच्या, यांनीच केलं होतं. मी तो व्हिडिओ आजही लावते अधूनमधून, जंप उतरल्यावर तिचा चेहरा बघायला.

आता पुढची साखळी बघा, कारण जागा एकदा गेली की तिचे परिणाम किती लांबपर्यंत जातात ते यात कळतं.

ऑलिम्पिक झाल्यावर महिन्याभरात त्याच वर्षीची वर्ल्ड्स असते. सगळे थकलेले असतात, मोठी नावं बऱ्याचदा जात नाहीत, पण जागांचा हिशोब तर तिथेच होतो. २०१८ ला मिलानमध्ये टेनेल सहावी, नागासू दहावी, मराया बेल बारावी. ६ आणि १० म्हणजे १६. एक जागा गेली. २०१९ ला सैतामाला दोनच मुली, टेनेल सातवी, बेल नववी, परत १६. २०२० ची वर्ल्ड्स कोविडमुळे झालीच नाही, त्यामुळे २०१९ चाच हिशोब पुढे चालू राहिला, आणि २०२१ ला स्टॉकहोमला अमेरिकेच्या वाट्याला परत दोनच जागा. आणि ही साधी वर्ल्ड्स नव्हती, बीजिंग ऑलिम्पिकच्या जागा इथेच ठरणार होत्या.

त्या वर्षी नॅशनल्समध्ये टेनेल पहिली, अँबर ग्लेन दुसरी, कॅरन चेन तिसरी होती. जागा दोन, म्हणजे टेनेल आणि ग्लेन असं कुणालाही वाटेल. कमिटीने टेनेल आणि चेनला पाठवलं. ग्लेन तोवर एकदाही वर्ल्ड्सला गेलेली नव्हती, चेन २०१७ ला चौथी आलेली होती. देशाच्या तीन जागा एका स्पर्धेवर टांगलेल्या असताना कमिटीने जिच्यावर आधी भार टाकून बघितलाय तिला निवडलं.

रिकाम्या स्टेडियममध्ये, प्रेक्षक नाहीत, आणि चेन चौथी आली. टेनेल नववी. ४ आणि ९, १३. एक नंबर इकडचा तिकडे झाला असता तरी गेलं होतं.

मला त्या निकालानंतर कमिटीचा निर्णय बरोबरच वाटला, आणि तरी ग्लेनचं वाईट वाटणं थांबलं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. ऑलिम्पिकसाठी तेव्हा एक जास्तीची अट आली होती, की बेरजेवर तीन जागा मिळत असल्या तरी तितक्या मुली वर्ल्ड्सच्या फ्री स्केटपर्यंत पोचलेल्या असायला हव्यात. अमेरिकेच्या पोचणार कशा, गेल्याच दोन होत्या. मग दोन जागा पक्क्या, आणि तिसरीसाठी वेगळ्या मुलीला वेगळ्या स्पर्धेत पाठवून ती जिंकून आणायची. ती स्पर्धा म्हणजे सप्टेंबरमध्ये जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला होणारी नेबेलहॉर्न ट्रॉफी. सोळा वर्षांची अलिसा लिऊ गेली आणि सरळ पहिली आली. तिसरी जागा आली. पण तिच्या नावाची नाही, हां. अमेरिकेच्या नावाची. लिऊला त्यासाठी परत सगळ्यांसारखंच निवडून यावं लागणार होतं.

आणि जानेवारी २०२२ ला नॅशव्हिलमध्ये काय व्हावं, शॉर्ट प्रोग्रॅमनंतर लिऊ तिसरी होती आणि फ्री स्केटच्या आधी कोविड पॉझिटिव्ह आली. बाहेर. बेल पहिली, चेन दुसरी, आणि तिसरी आली चौदा वर्षांची इझाबो लेविटो, जी वयामुळे ऑलिम्पिकला पात्रच नव्हती. कमिटीने बेल, चेन आणि लिऊला घेतलं. इथेच वर्षभराच्या रेकॉर्डचा नियम किती उपयोगी आहे ते दिसतं, फक्त नॅशनल्सचे नंबर धरले असते तर एका पॉझिटिव्ह टेस्टने त्या मुलीचं ऑलिम्पिक गेलं असतं.

आणि टेनेल? जिच्या नवव्या नंबरामुळे १३ झाले ती? ती त्या सीझनभर पायाच्या दुखापतीशी झगडत राहिली आणि नॅशनल्समध्ये उतरूच शकली नाही. बीजिंगला गेली नाही.

लिऊसारखं नॅशनल्स पूर्ण न करता टीममध्ये येणं आधीही झालं होतं. १९९४ ला नॅन्सी केरिगनवर नॅशनल्समधल्या मुलींच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी हल्ला झाला, ती खेळू शकली नाही, तरी तिला जागा दिली आणि दुसरी आलेली तेरा वर्षांची मिशेल क्वान ऑल्टरनेट राहिली. २००६ ला तीच क्वान जखमी होती, तिने अर्ज केला, तिला घेतलं, पण ऑलिम्पिकसाठी ट्युरिनला पोचल्यावर दुखणं उलटलं आणि तिने स्वतःच माघार घेतली, तिच्या जागी एमिली ह्यूज गेली.

आता वयाचं सांगते, कारण मुलींच्या बाबतीत चान्स किती हे बऱ्याचदा वाढदिवसावर ठरतं. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या १ जुलैला वय किती हे बघतात. आधी सीनियरसाठी १५ पूर्ण लागायचे. बीजिंगला पंधरा वर्षांच्या मुलीवरून जे डोपिंग प्रकरण झालं त्यानंतर जून २०२२ मध्ये इंटरनॅशनल स्केटिंग युनियनने ते वाढवायचं ठरवलं, २०२३-२४ ला १६ आणि २०२४-२५ पासून १७. पण अमेरिकेची नॅशनल्स आपली वेगळी, तिथे त्याहून लहान मुलीही सीनियरमध्ये उतरल्या आहेत. म्हणून २०१९ ला तेरा वर्षांची लिऊ नॅशनल चॅम्पियन झाली आणि वर्ल्ड्सला मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या टेनेल आणि बेल गेल्या. निकाल वाचताना मी म्हणून आधी जन्मतारखा बघते.

वय वाढवलं ते मला मनापासून पटतं. पूर्वी चौदा-पंधराव्या वर्षी, शरीर हलकं असताना, जंप मारून मारून पोरी जिंकायच्या आणि अठराव्या वर्षी पाठ, कंबर, घोटे घेऊन घरी बसायच्या. आता निदान ज्यांचं शरीर बदलून स्थिर झालंय त्यांना जागा आहे.

मग एखाद्या मुलीचा चान्स किती हे कसं ओळखायचं? लोक फक्त बेस्ट स्कोअर बघतात, ती चूक आहे. बेस्ट स्कोअर एकदाच आलेला असतो. तिचे वर्षभरातले सगळे स्कोअर बघा आणि त्यातला वाईट दिवस कितीचा आहे ते बघा. कमिटीला ती पाठवायचीय जिचा वाईट दिवससुद्धा आठव्या नंबरचा असेल, कारण १३ चा हिशोब वाईट दिवसावरच फसतो.

स्कोअर बनतो असा. प्रत्येक जंपला, स्पिनला ठरलेली बेस व्हॅल्यू असते, त्यावर नऊ जज उणे ५ ते अधिक ५ मध्ये क्वालिटीचे मार्क देतात, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून बाकीची सरासरी. एक पायरी म्हणजे बेस व्हॅल्यूच्या १० टक्के. वर कॉम्पोनंटचे मार्क वेगळे, म्हणजे रचना, सादरीकरण आणि मूळ स्केटिंग. शॉर्ट प्रोग्रॅम साधारण २ मिनिटं ४० सेकंद, फ्री स्केट ४ मिनिटं, दोन्हींची बेरीज.

यात जुगार कुठे आहे तर ट्रिपल अ‍ॅक्सलमध्ये. त्याची बेस व्हॅल्यू ८.०, डबल अ‍ॅक्सलची ३.३. नीट उतरवला आणि सरासरी अधिक २ मिळाले तर ट्रिपलचे ९.६ होतात, डबलचे साधारण ३.९६. साडेपाच मार्कांचा फरक, एका जंपमध्ये. पण पडली तर? ८.० मधून क्वालिटीचे ४.० जातात, वर पडण्याचा १ मार्क, उरले ३.०. म्हणजे पडलेला ट्रिपल हा साध्या स्वच्छ डबलपेक्षाही कमी. हे वाचायला एक मार्क वाटतो पण पडल्यावर श्वास जातो, लय जाते, पुढचा जंप डगमगतो, तो हिशोब कागदावर येत नाही. आणि जंप पूर्ण न फिरता उतरला तर टेक्निकल पॅनल स्लो मोशनमध्ये बघून बेस व्हॅल्यूच कापतं, पाव फेरीपेक्षा जास्त पण अर्ध्या फेरीच्या आत कमी पडली तर ८० टक्केच मिळते. बघणाऱ्याला जंप छान दिसतो, मार्क येत नाहीत आणि मग सगळे जजेसना शिव्या देतात.

वर्ल्ड्ससाठी आणखी एक दरवाजा आहे, मिनिमम टेक्निकल स्कोअर. इंटरनॅशनल स्पर्धेत ठराविक टेक्निकल मार्क मिळवलेलेच असायला लागतात, नॅशनल्सचे चालत नाहीत. अमेरिकेच्या वरच्या मुलींना ते जड नाही, पण नवीन, अचानक वर आलेल्या मुलीला ते कमवायला स्पर्धा मिळायला हवी, आणि स्पर्धांच्या असाइनमेंट कुणाला मिळणार हे परत फेडरेशनच ठरवते. मला विचाराल तर खरी निवड इथूनच, उन्हाळ्यापासून सुरू होते, जानेवारीची रात्र ही त्याची शेवटची पायरी असते.

आता २०२६ च्या मिलान ऑलिम्पिककडे येऊ. लिऊने २०२२ ला वर्ल्ड्सचं ब्राँझ घेतलं आणि एप्रिलमध्ये, सोळाव्या वर्षी, खेळच सोडला. दोन वर्षं दूर राहिली, २०२४ मध्ये परत यायचं ठरवलं. ग्लेन, जिला २०२१ ला दुसरी येऊनही घेतलं नव्हतं, ती खेळत राहिली, ट्रिपल अ‍ॅक्सल पक्का करत राहिली, पंचविशीत २०२४ ची ग्रँड प्री फायनल जिंकली. लेविटो, जी चौदाव्या वर्षी पोडियमवर उभी राहून पात्र नव्हती, तिने २०२४ ला मॉन्ट्रियलला वर्ल्ड्सचं सिल्व्हर घेतलं. मार्च २०२५ ला बोस्टनच्या वर्ल्ड्सला या तिघी एकत्र उतरल्या. लिऊ पहिली, २००६ च्या माइसनरनंतर पहिली अमेरिकन वर्ल्ड चॅम्पियन. लेविटो चौथी, ग्लेन पाचवी. १ आणि ४, बेरीज ५. तिघीही फ्री स्केटमध्ये होत्या त्यामुळे ती जास्तीची अटही आपोआप पूर्ण, ओबर्स्टडॉर्फसारखी धावपळ नाही.

आणि जानेवारी २०२६ ला सेंट लुईसच्या नॅशनल्समध्ये ग्लेन पहिली, सलग तिसऱ्यांदा, लिऊ दुसरी, लेविटो तिसरी. कमिटीने यादी जाहीर केली तीच तीन नावं. ज्यांनी मिलान ऑलिम्पिकच्या जागा आणल्या त्यांनाच त्या मिळाल्या, तिघींनाही. वॅग्नरची आणि टेनेलची गोष्ट माहीत असणाऱ्यांना कळेल मी ती यादी दोनदा का वाचली.